उठाव कुठून घ्यायचा: बाखच्या एका सूटची तयारी, अर्जापासून निकालापर्यंत

पियानोच्या डिप्लोमासाठी बरोक काळातली (साधारण १६०० ते १७५०) रचना घ्यायची आणि तोंडी परीक्षेत तिच्याबद्दल बोलायचे, असे ठरले तो जून महिना. निकाल आला तो पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. या बारा महिन्यांत काय काय लागले, कुठे वेळ गेला आणि कोणती गोष्ट आधी कळली असती तर महिनाभर वाचला असता, ते क्रमाने लिहीत आहे. पुण्यात बसून ही तयारी करणाऱ्याला विचारायला माणसे कमी मिळतात. नावे फ्रेंच, चिन्हे अनोळखी आणि दोन पुस्तकांत एकाच शब्दाच्या दोन व्याख्या, हे पाहून सुरुवातीला छातीत धडकी भरते. ती भरू नये एवढ्यासाठीच हा खटाटोप.

रचना होती योहान सेबास्टियन बाखचा पाचवा फ्रेंच सूट, जी मेजरमधला, बीडब्ल्यूव्ही ८१६. सूट म्हणजे नृत्यांची मालिका, आणि बीडब्ल्यूव्ही हा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक. त्यात सात नृत्ये आहेत: आलमांद, कुरांत, साराबांद, गाव्होत, बुरे, लूर आणि जीग. जोडीला ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’च्या पहिल्या भागातला सी मायनरचा प्रिल्यूड आणि फ्यूग (एकच विषय आवाजांनी एकामागून एक मांडायची रचना), आणि पुढच्या काळातल्या दोन रचना. त्या दोघींबद्दल इथे लिहीत नाही.

जून: आधी घड्याळ, मग पियानो

पहिले काम वाजवण्याचे नव्हते. अभ्यासक्रमाचे पत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचायचे होते. त्यात चार गोष्टी दडलेल्या होत्या. एकूण वादनाची वेळ ठरलेली असते आणि दोन रचनांमधले थांबेही त्यात धरतात. यादीबाहेरची रचना असेल तर अर्जाच्या बऱ्याच आधी लेखी मंजुरी घ्यावी लागते. थिअरीची ठरावीक श्रेणी उत्तीर्ण असल्याशिवाय डिप्लोमाचा अर्जच उघडत नाही. आणि फी पाच आकडी असते, एकदा भरली की परत मिळत नाही.

वेळेचा हिशेब सगळ्यात आधी करा. सूटमधले प्रत्येक नृत्य दोन भागांचे असते आणि प्रत्येक भागापुढे रिपीटची खूण असते. सगळे रिपीट घेतले तर सातही नृत्यांना माझ्या घड्याळाप्रमाणे १८ मिनिटे लागत होती. पहिल्या भागाचे रिपीट ठेवले आणि दुसऱ्याचे सोडले तर साडेतेरा. मी दुसरा मार्ग घेतला. एका नृत्यात रिपीट घ्यायचा आणि पुढच्यात नाही, असे मन मानेल तसे करू नये. परीक्षक कारण विचारतात आणि ‘वेळ पुरत नव्हता’ हे उत्तर तिथे तोकडे पडते. पहिला भाग दोनदा आणि दुसरा एकदा, हे सूत्र सातही नृत्यांना सारखे लागू झाले, म्हणून ते समजावून सांगता आले.

जुलै: पुस्तकाची वाट पाहताना

ऊर्टेक्स्ट आवृत्ती, म्हणजे मूळ हस्तलिखिते ताडून छापलेली प्रत, जर्मनीहून मागवली. पाठवणीसह २,३०० रुपये लागले आणि पाच आठवडे वाट पाहावी लागली. घरात जुनी प्रत होती, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे होते. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी बाखच्या स्वरांवर स्वतःचे स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी), फोर्टे-पियानो (जोरात-हळू) आणि वेगाचे शब्द चढवले आहेत. बाखने या सूटमध्ये हळू-जोरात लिहिलेले नाही, वेगही सांगितलेला नाही. वेग सांगण्याचे काम नृत्याचे नाव करते. हे कळायला मला महिना लागला, आणि पुढची सगळी तयारी त्यावरच उभी राहिली.

हस्तलिखितांचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. बाख १७१७ ते १७२३ या काळात क्योथेनच्या दरबारात होता. दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्यासाठी १७२२ मध्ये सुरू केलेल्या वहीत या सूटचा पहिला खर्डा सापडतो. नंतरची सुधारित रूपे शिष्यांच्या नकलांतून आपल्यापर्यंत आली आणि त्या नकलांमध्ये अलंकारांच्या खुणा सारख्या नाहीत. म्हणून चांगल्या आवृत्तीत काही खुणा कंसात किंवा लहान टाइपात असतात. त्या घ्यायच्या की नाहीत, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते. ‘फ्रेंच’ हे नावही बाखने दिलेले नाही. ते मागाहून चिकटले.

वाट पाहताना ‘बरोक’ या शब्दाचाच शोध घेतला आणि तो थेट गोव्यात पोचला. पोर्तुगीजमध्ये बारोको म्हणजे वेडावाकडा, गोल नसलेला मोती. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात मोत्यांच्या संदर्भात हा शब्द आहे. संगीताला तो चिकटला १७३४ मध्ये, पॅरिसमध्ये. फ्रेंच संगीतकार रामोच्या पहिल्या ऑपेरावर टीका करताना कोणीतरी निनावी लेखात तो नावे ठेवायला वापरला. तत्त्वज्ञ रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात ‘गोंधळलेली हार्मनी’ अशा अर्थानेच त्याची नोंद केली. म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या संगीतकारांपैकी कोणीही स्वतःला बरोक म्हणवून घेतले नव्हते. तोंडी परीक्षेत हे विचारले गेले, म्हणून मुद्दाम सांगतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर: नावांचा अर्थ हाताला कळणे

आमचे सर मूळचे गोव्याचे, चर्चच्या शाळेत सोल्फेजो (स्वरनावे गाण्याचा सराव) गात वाढलेले. पुस्तक आल्यावर त्यांनी पहिल्या तासाला एकही स्वर वाजवू दिला नाही. ‘पेन्सिल घ्या आणि प्रत्येक नृत्यातला पहिला जड ठोका गोल करा,’ एवढेच सांगितले. सातपैकी तीन ठिकाणी गोल चुकला.

कारण साधे आहे. बरीच नृत्ये जड ठोक्याच्या आधी सुरू होतात. तबला ऐकणाऱ्या माणसाला हे नवे नाही. बंदिशीचा मुखडा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन पडतो. फरक असा की इथे उठाव किती लांबीचा, हे नृत्यागणिक ठरलेले आहे, आणि नाव वाचले की ते कळायला हवे. आधी लांबीची नावे: एका मिनिमचे दोन क्रोचेट, क्रोचेटचे दोन क्वेव्हर, क्वेव्हरचे दोन सेमिक्वेव्हर; डॉटेड स्वर दीडपट लांब; आणि बार म्हणजे तालाचे एक आवर्तन. आलमांदला सहसा एका सेमिक्वेव्हरचा, चिमूटभर उठाव. बुरेला एका क्रोचेटएवढा. गाव्होतला दोन क्रोचेटचा, म्हणजे अर्ध्या बारचा. लूरला क्वेव्हर आणि क्रोचेट अशा जोडीचा. साराबांद थेट पहिल्या मात्रेवर सुरू होते, पण तिचे वजन दुसऱ्या मात्रेवर झुकते.

गाव्होत जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. ताल कट टाइम, बारमध्ये दोन मिनिम. सुरुवात बारच्या मध्यावर. वाजवणारा पहिल्या स्वरावर नकळत जोर देतो आणि ऐकणाऱ्याला तीच सम वाटते. मग पूर्ण नृत्यभर बारची रेघ अर्ध्या बारने सरकते. कॅडेन्स, म्हणजे वाक्याचा शेवट, नको तिथे हलका पडतो आणि नृत्य लंगडते. दुरुस्ती अशी: तोंडाने ‘तीन, चार’ म्हणत पहिले दोन क्रोचेट हलके वाजवा आणि ‘एक’वर हाताचे वजन सोडा. मेट्रोनोम क्रोचेटवर लावू नका, मिनिमवर लावा. क्रोचेटवर लावला की चारही ठोके सारखे जड होतात आणि नाच मरतो. आठ दिवस रोज दहा मिनिटे फक्त पहिले आठ बार असे केले, तेव्हा कान सरळ झाला.

बुरेलाही कट टाइमच, पण तिथे ‘चार’ म्हणून उठायचे. गाव्होत आणि बुरे लागोपाठ येतात, म्हणून एकाचा उठाव दुसऱ्यात शिरतो. दोन्हींच्या मध्ये एक श्वास घेऊन नवा उठाव मनात मोजूनच हात ठेवा.

आलमांद २४ बारांची, १२ आणि १२ अशी बरोबर मधोमध दुभंगलेली. इथे दोनभागी रचना, म्हणजे बायनरी फॉर्म, स्वच्छ दिसते. पहिला भाग जी मेजरमधून निघून डी मेजरमध्ये थांबतो, दुसरा डीपासून निघून फिरून जीमध्ये घरी येतो. बाराव्या बारला पोचल्यावर ‘आलो’ असे वाटू द्यायचे नाही, कारण आपण अजून परक्या घरी आहोत. रिपीट घेऊन पुन्हा पहिल्या बारला आलात की जी मेजर नव्याने उजळतो. ल्यूट या तंतुवाद्याच्या वादकांची एक लकब इथे कीबोर्डवर आली आहे: कॉर्ड एकदम न वाजवता तिचे स्वर एकेक करून विखुरायचे. फ्रेंचमध्ये तिला स्तील ब्रिझे म्हणतात. विखुरलेले स्वर किंचित धरून ठेवले तर खाली हार्मनी ऐकू येते. पेडलने हे करायचा मोह होतो, बोटांनीच करावे.

कुरांतच्या नावात मोठी मेख आहे. फ्रेंच कुरांत संथ असते, बहुधा ३/२ मध्ये, आणि तिच्यात तीनाचे दोन-दोन असे मोड सतत येतात. इटालियन कोर्रेंते ३/४ किंवा ३/८ मध्ये, सरळ धावणारी. पाचव्या सूटमध्ये वर ‘कुरांत’ लिहिले आहे, पण आत धावते सेमिक्वेव्हर आहेत, म्हणजे जात इटालियन. १७३१ मध्ये छापलेल्या पार्तितांमध्ये, म्हणजे अशाच दुसऱ्या सूटांमध्ये, बाखने दोन्ही नावे वेगळी वापरली आहेत. नाव वाचून वेग धरला तर हे नृत्य निम्म्या वेगाने वाजेल, म्हणून आधी टाइम सिग्नेचर आणि स्वरांची लांबी पाहा.

तीनाचे दोन-दोन, म्हणजे हेमिओला, हा शब्द टाळ्यांनी शिका. दोन बार सलग मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आता सहा तेच ठेवून टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर द्या. कॅडेन्सच्या आधी तीन मात्रांच्या संगीतात हे वारंवार येते. हेंडेलच्या ‘मसाया’तल्या ‘अँड द ग्लोरी ऑफ द लॉर्ड’ या समूहगानात ते इतके ठळक आहे की एकदा ऐकले की विसरत नाही.

साराबांदवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो कमीच वाटला. स्पेनमध्ये १५८३ मध्ये हे नृत्य अश्लील ठरवून बंद केले होते. तेव्हा ते जलद होते. फ्रान्समध्ये जाऊन ते संथ आणि भारदस्त झाले. इथे १६ आणि २४ असे ४० बार आहेत. दुसरी मात्रा ठोकायची नाही. तिच्यावर थोडे रेंगाळायचे, जसा चालताना एक पाय क्षणभर जमिनीवर जास्त ठेवावा. डाव्या हाताने दुसरी मात्रा अगदी वेळेवर आणि उजव्याने केसाएवढी उशिरा, असे केले की ती आपोआप भारी होते.

साराबांद आणि जीग यांच्या मध्ये येणाऱ्या हलक्या नृत्यांना गालांतेरी म्हणतात. इथे ती गाव्होत, बुरे आणि लूर. हा शब्द पत्रकात नव्हता, तोंडी परीक्षेत मात्र आला.

ऑक्टोबर: अलंकार

बाखने थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीत अलंकारांचा एक तक्ता लिहून ठेवला आहे. वर खूण, खाली ती कशी वाजवायची याचे पूर्ण स्वर. तो तक्ता बहुतेक चांगल्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत छापतात. त्याची झेरॉक्स काढून पियानोवर चिकटवा. पाच रुपयांत इतका फायदा दुसरा नाही.

आपल्याकडे मुले आधी पुढच्या काळाचे संगीत शिकतात, म्हणून नागमोडी रेघ दिसली की मूळ स्वरापासून ट्रिल सुरू करतात. बाखच्या तक्त्यात ट्रिल वरच्या स्वरापासून आणि बरोबर ठोक्यावर सुरू होतो. कारण ऐकून पाहा. डाव्या हातात जी धरा आणि उजव्या हाताने त्यावरच्या बीवर ट्रिल घ्या. वरचा स्वर सी आहे. जीवर सी म्हणजे चौथा स्वर. तो खटकतो, आणि बीवर उतरला की तिसरा होऊन निवतो. ट्रिल म्हणजे हे खटकणे आणि निवणे पुन्हा पुन्हा. बीपासून सुरू केला तर ठोक्यावर खटका पडतच नाही आणि अलंकार नुसती थरथर होऊन जातो.

सराव असा करा. क्रोचेट ६० वर, म्हणजे एक क्रोचेट एक सेकंद. आधी त्यात चार सेमिक्वेव्हर: सी, बी, सी, बी. पहिला सी किंचित लांब. आठवडाभराने आठ डेमिसेमिक्वेव्हर. मनगट ताठ झाले की थांबा. ट्रिल बोटांच्या ताकदीने होत नाही, बोटे कळीच्या जवळ ठेवल्याने होतो. नागमोडीला मध्ये उभी रेघ असेल तर तो मॉर्डंट: मूळ स्वर, खालचा, पुन्हा मूळ, चटकन. जुन्या काही इंग्रजी पुस्तकांत ही नावे उलटसुलट आहेत, म्हणून नाव न पाहता खूण पाहा. छोट्या टाइपातला एकटा स्वर, अपोजियातुरा, मूळ स्वराचा निम्मा वेळ घेतो; मूळ स्वर डॉटेड असेल तर दोन तृतीयांश. बासरीवादक क्वान्ट्सने १७५२ मध्ये आणि बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने १७५३ मध्ये हेच सांगितले आहे. संथ नृत्यात हे नियम चालतात, जीगमध्ये तेवढा वेळच नसतो.

नोव्हेंबर: लेखी पेपर आणि आकडे

थिअरीची पूर्वअट माझी पूर्ण नव्हती, म्हणून नोव्हेंबरमध्ये लेखी पेपर दिला. त्यात फिगर्ड बेस होता: खालची एकच ओळ आणि तिच्याखाली आकडे; वरचे तीन आवाज आपण भरायचे. बरोक काळात चेंबॅलो (तारा छेडणारे कीबोर्ड वाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा हे समोर बसून तिथल्या तिथे करत असे. बासो कोंतिनुओ तो हाच. इमारतीच्या पायासारखा तो या दीडशे वर्षांच्या संगीताखाली अखंड आहे.

आकडा नेहमी बेसपासून वर मोजायचा. आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा. नुसता ६ असेल तर तिसरा आणि सहावा. जी मेजरमध्ये बेसला एफ शार्प आणि खाली ६, म्हणजे वर ए आणि डी. चौथा आवाज भरताना एफ शार्प दुसऱ्यांदा घेऊ नका. तो लीडिंग नोट, म्हणजे मूळ स्वराच्या लगेच खालचा स्वर आहे; दोन आवाजांत एकदम जीकडे गेला की समांतर ऑक्टेव्ह होतात, आणि ती चूक धरतात. ए किंवा डी दुप्पट करा. बेसला डी आणि खाली ४-३, म्हणजे आधी वर जी, मग तो एफ शार्पवर उतरतो. ऑक्टोबरमध्ये ट्रिलमध्ये जे खटकणे-निवणे केले, तेच इथे दोन आकड्यांत लिहिलेले आहे. हे लक्षात आल्यावर मला फार बरे वाटले, कारण दोन वेगळे धडे एक झाले.

एकटे शार्पचे चिन्ह आकड्याशिवाय आले तर ते तिसऱ्या स्वराला लागते. ई मायनरमध्ये बेसला बी आणि खाली शार्प, म्हणजे डी शार्प. हे विसरल्यामुळे सराव पेपरांत माझे सर्वांत जास्त गुण गेले. दुसरी नेहमीची चूक: बेस डीवरून ईवर पायरी चढतो आणि वरचे आवाजही सोबत चढतात, मग समांतर पाचवे होतात, तीही चूकच. वरचे आवाज खाली आणा, एफ शार्पला तेवढे जीवर जाऊ द्या. मग ईवरच्या कॉर्डमध्ये जी आपोआप दुप्पट होतो.

पेपर देऊन निकाल यायला आठ आठवडे लागले आणि डिप्लोमाच्या अर्जाची मुदत त्यानंतर अकरा दिवसांनी संपत होती. या अकरा दिवसांत झोप नीट नव्हती. शक्य असेल तर लेखी पेपर एक सत्र आधीच उरकून घ्या.

जानेवारी ते मार्च: अर्ज, टिपण, पियानो

अर्जात नाव आधारकार्डावर आहे तसेच लिहा. माझ्या थिअरीच्या प्रमाणपत्रावर मधले नाव होते, ओळखपत्रावर नव्हते. एवढ्यासाठी अर्ज एकदा परत आला आणि सहा दिवस गेले. रचनांची नावे क्रमांकासह, नृत्ये क्रमाने, रिपीटचा निर्णय आणि मिनिटे, हे सगळे तिथेच भरावे लागते आणि नंतर बदलता येत नाही.

कार्यक्रमाचे टिपण १,१०० शब्दांच्या आत हवे होते. पहिल्या मसुद्यात बाखच्या आयुष्यावरच ४०० शब्द गेले होते. सरांनी ते सगळे खोडले. परीक्षकाला बाखचा जन्म आयझेनाखला १६८५ मध्ये झाला हे ठाऊक असते. तुम्ही समोरच्या बारमध्ये काय ऐकता, हे त्याला हवे असते. अंतिम मसुद्यात जीगवर सर्वांत जास्त लिहिले. जीग ५६ बारांची, १२/१६ मध्ये. ठोका डॉटेड क्वेव्हरचा, बारमध्ये चार. सुरुवात फ्यूगसारखी: एक आवाज एकटा विषय मांडतो, मग दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या भागात तोच विषय उलटा येतो; जिथे स्वर चढत होते तिथे उतरतात, उतरत होते तिथे चढतात. याला इन्व्हर्शन म्हणतात. दोन्ही भागांचे विषय एका कागदावर एकाखाली एक लिहून पाहा, पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे दिसतात. जीग मी डॉटेड क्वेव्हर ७२ वरून ११२ वर आठ आठवड्यांत नेली, दर आठवड्याला पाच. घाई केली की डावा हात आधी कोसळतो, कारण त्यालाही उजव्याएवढेच काम आहे.

फ्यूगची परिभाषा सी मायनरच्या तीन आवाजी, ३१ बारांच्या फ्यूगवर पक्की केली. विषय मधला आवाज मांडतो: सी, बी, सी, जी. तिसऱ्या बारला वरचा आवाज उत्तर देतो. काटेकोर पाचवा धरला तर उत्तर जी, एफ शार्प, जी, डी असे हवे. बाख चौथ्या ठिकाणी डीऐवजी सी घेतो. याला टोनल आन्सर म्हणतात. विषयात टॉनिककडून (मूळ स्वर, इथे सी) डॉमिनंटकडे (पाचवा स्वर, जी) उडी आहे, उत्तरात डॉमिनंटकडून टॉनिककडे, म्हणून मूळची सी मायनर पट्टी फार लवकर सुटत नाही. बेस सातव्या बारला येतो. तिन्ही आवाज विषय मांडून झाले की एक्स्पोझिशन संपली. विषयाशिवायचे मधले भाग ते एपिसोड. प्रत्येक आवाजाला वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरा आणि एकेक आवाज गाऊन पाहा. ज्या आवाजात गाताना अडखळाल, तोच वाजवताना बुडतो.

चेंबॅलो पुण्यात मला वाजवायला मिळाले नाही. डिजिटल पियानोवर त्याचा आवाज लावून, पिच ४४० वरून ४१५ वर आणून आणि ट्यूनिंग व्हर्कमाइस्टर (त्या काळची एक पद्धत) निवडून काही दिवस सराव केला. ४१५ म्हणजे आजच्यापेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. त्या आवाजात जोर देऊन काही साधत नाही. स्वर किती धरला आणि कधी सोडला, एवढ्यावरच उच्चार ठरतो. परत पियानोवर आल्यावर क्रोचेट तीन चतुर्थांश धरून सोडायची सवय हातात राहिली. मार्चमध्ये एका सभागृहातला ग्रँड तासाला ६०० रुपयांनी घेतला, एकूण नऊ तास. घरच्या पियानोची कळ हलकी असेल तर हे टाळू नका, कारण जड कळीवर ट्रिल अडकतात.

एप्रिल: परीक्षा

तारीख १९ एप्रिल, वेळ सकाळी ११.२०. सोबत ओळखपत्र, छापील मूळ पुस्तके, टिपणाच्या तीन प्रती आणि पाने उलटणारी व्यक्ती. पुस्तकांच्या झेरॉक्सवर वाजवू देत नाहीत. पान उलटायला अडचण असलेल्या एकाच पानाची प्रत चालते, तीही मूळ पुस्तक जवळ असेल तरच. हात गरम करायला पाच मिनिटे मिळाली. त्या पाच मिनिटांत जलद काही वाजवू नका. साराबांदचे आठ बार वाजवून कळीचे वजन पाहून घ्या.

आलमांदच्या पहिल्या चार बारांत हात थंड होते, पाचव्यापासून बसले. तोंडी भागात कुरांतचे नाव आणि तिची खरी जात, बरोक शब्दाचा उगम, गालांतेरी, फ्यूगचे टोनल उत्तर आणि ‘या ट्रिलची सुरुवात अशी का?’ असे प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देता जी आणि सी वाजवून दाखवले. वाजवून उत्तर देता येत असेल तर तसेच द्या, बोलण्यात चुका होतात.

निकाल सात आठवड्यांनी आला, उत्तीर्ण. कागदी प्रमाणपत्र आणखी महिन्याने येणार आहे. गुणपत्रिकेवर लूरबद्दल लिहिले होते की ठोके सहा ऐकू आले, दोन नाहीत. ते बरोबर आहे. १६ बारांचे छोटे नृत्य म्हणून मी त्याला सर्वांत कमी वेळ दिला होता, आणि ६/४ मध्ये सहा क्रोचेट मोजत राहिलो. आता ते पुन्हा काढले आहे: मेट्रोनोम डॉटेड मिनिमवर, ४०, बारला दोनच ठोके, आणि क्वेव्हर-क्रोचेटचा उठाव इतका हलका की पहिला जड ठोका येईपर्यंत तो ऐकू आला की नाही असे वाटावे. अजून दर तिसऱ्या बारला हात चुकून सहा मोजतो.